लिहायचे एक, म्हणायचे एक : त्सफातच्या वाटेवरचे आठ दिवस

माझे आजोळ अलिबागचे, आणि घर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, राहत त्या इस्रायल आळीपासून हाकेच्या अंतरावर. आईच्या वर्गमैत्रिणीच्या घरी, दाराच्या उजव्या चौकटीवर, बोटाएवढी पत्र्याची एक नळी तिरकी ठोकलेली असे आणि ये-जा करणारा प्रत्येक जण तिला बोटे लावून ती ओठांना टेकवीत असे. आत काय आहे असे मी एकदा विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "देवाचं नाव आहे. पण ते वाचायचं नसतं." न वाचण्यासाठी कोणी कशाला लिहील, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे अधूनमधून पडत राहिला. मावशी 1964 साली लग्न होऊन इस्रायलला गेल्या, रामला शहरात स्थायिक झाल्या, आणि दर दिवाळीला आईला पत्र पाठवीत राहिल्या. आई गेल्यानंतर पत्रे माझ्या नावावर येऊ लागली. अखेर फेब्रुवारीत मी आणि माझा नवरा, असे दोघे आठ दिवसांसाठी निघालो. मावशींना भेटणे हा पहिला हेतू, आणि ज्या डोंगरावरच्या गावात त्या नावाचा सर्वांत खोल विचार झाला ते त्सफात पाहणे हा दुसरा.

पहिला दिवस, रविवार : रामला

विमानतळापासून रामला इतके जवळ आहे की सामान गाडीत ठेवून मावशींच्या तब्येतीची चौकशी पुरी होईपर्यंत घर आले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. दारात त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "आलीस गो बाय, बरं झालं, आज उरूस आहे."

आम्ही तिकिटे काढताना हे ध्यानात घेतले नव्हते. त्या संध्याकाळी हिब्रू पंचांगातील शेवात महिन्याची पंधरावी तिथी लागत होती. बाकीचे यहुदी तो झाडांचा नववर्षदिन मानतात. आपले बेने इस्रायल मात्र त्या दिवशी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचा, उरूस करतात, कारण अलिबागजवळच्या खंडाळे गावी, एका खडकावर, एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या अशी त्यांची श्रद्धा आहे. समुद्र ओलांडून आलेल्या या लोकांनी खडक मागे ठेवला, पण मलिदा सोबत आणला. धुतलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर बदाम-बेदाणे, भोवती फळांच्या फोडी आणि मधोमध गुलाबाचे फूल असे ताट टेबलावर आले. पुरुषांनी हिब्रूत एलियाहूचे गाणे म्हटले, मग फळांवर एकेक आशीर्वचन झाले, आणि प्रत्येक आशीर्वचनाअंती खोलीतल्या सगळ्या बायकांनी एका दमात "आमेन" म्हटले. मीही म्हटले. त्या एका शब्दात काय दडले आहे हे कळायला मला शुक्रवारपर्यंत थांबावे लागले.

या तिथीला हिब्रूत 'तू बिश्वात' म्हणतात, आणि त्यातील 'तू' हाच माझा पहिला धडा ठरला. हिब्रूत तिथीचे अंक अक्षरांनीच लिहितात. पंधरा म्हणजे दहा आणि पाच, म्हणजे 'योद' आणि 'हे'. पण ही दोन अक्षरे शेजारी आली की देवाच्या नावाची सुरुवात होते. म्हणून पंधरा लिहिताना नऊ आणि सहा घेतात, आणि सोळा लिहिताना नऊ आणि सात. मावशींच्या नातवाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मला ते दाखवले. महिन्यातून दोनदा सारा देश बेरजेत वळसा घेतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

नाव चार अक्षरांचे आहे : योद, हे, वाव, हे. प्रार्थनेत ते समोर आले की 'आडोनाय', म्हणजे 'माझे स्वामी', असे वाचतात, आणि रोजच्या बोलण्यात नुसते 'हाशेम', म्हणजे 'ते नाव', असे म्हणतात. आपल्या कानावर आलेले 'यहोवा' हे रूप त्या चार व्यंजनांना 'आडोनाय'चे स्वर लावून बाहेरच्या वाचकांनी तयार केलेले आहे. ज्यांच्याकडे पाहुणी म्हणून गेले त्यांचा मान म्हणून मीही या लेखात ती चार अक्षरे जोडून लिहिलेली नाहीत.

दुसरा दिवस, सोमवार : जेरुसलेम, लेखनिकाकडे

नातवाच्या ओळखीने एका सोफेरच्या, म्हणजे धर्मग्रंथांच्या लेखनिकाच्या, खोलीत अर्धा तास बसायला मिळाले. खोली आपल्या सोनाराच्या दुकानाएवढी. उंच टेबल, दिवा, पिसाच्या लेखण्या, काळी शाई, आणि कमावलेल्या चामड्याचा पिवळसर तुकडा. तो मजूजा लिहीत होता, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या नळीत जी गुंडाळी असते ती. बावीस ओळी आणि 713 अक्षरे. एक अक्षर चुकले किंवा तुटले तर सारी गुंडाळी बाद. मजकूर तोराह या यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथातला आहे, आणि त्याची सुरुवात 'शेमा'ने होते : ऐक, इस्रायला, आपला देव हाशेम, हाशेम एक आहे.

चामड्यावर आधी शाईविना रेघा कोरलेल्या असतात, आणि अक्षरे त्या रेघेवर बसत नाहीत, तिच्याखाली लोंबतात. देवनागरीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना हे पाहून एकदम घरी आल्यासारखे झाले.

मग तो नावाशी आला. तो थांबला आणि पुटपुटला. 'नावाच्या पावित्र्यासाठी' लिहीत आहे असे प्रत्येक वेळी म्हणावे लागते. त्याआधीची एक गोष्ट त्याने मला मुद्दाम दाखवली. लेखणी दौतीत बुडवून थेट नावावर टेकवायची नाही, कारण ताज्या शाईचा थेंब नावावर पडू शकतो. म्हणून आधीच्या शब्दाचे शेवटचे अक्षर तो मुद्दाम शिल्लक ठेवतो, शाई घेऊन ते पुरे करतो, आणि मग नाव लिहितो. एकदा सुरुवात झाली की राजाने येऊन नमस्कार केला तरी उत्तर द्यायचे नाही. नाव चुकले तर खोडता येत नाही. तो तुकडा गेनिजात, म्हणजे जीर्ण पोथ्यांच्या कोठीत, जातो आणि पुढे माणसासारखा पुरला जातो. चार अक्षरांना त्याला मिनिटभरही लागले नाही, पण त्या वेळी आम्ही दोघांनी श्वास रोखून धरला होता हे नंतर ध्यानात आले.

वाळलेली दुसरी एक गुंडाळी त्याने पालथी करून दाखवली. पाठीवर, खालच्या बाजूला, उलटी लिहिलेली तीन शब्दांची ओळ होती : 'कूझू बेमुख्साझ कूझू'. याला काही अर्थ नाही. आतल्या बाजूच्या 'हाशेम आपला देव, हाशेम' या शब्दांतील प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतील पुढचे अक्षर घातले की ही ओळ तयार होते. 'क'च्या जागी 'ख' घालावा तशी. हे सगळीकडचे यहुदी लिहीत नाहीत, पण तिथे समजले की हे लोक नाव नुसते झाकत नाहीत, ते एक घर सरकवून पुन्हा लिहितात.

मजूजा विकत घ्यायचा असेल तर बाजारातल्या सुंदर नळीवर भाळू नये. नळी म्हणजे केवळ वेष्टन. आत छापील कागद असल्यास तो धर्मदृष्ट्या उपयोगाचा नसतो. हाताने, चामड्यावर लिहिलेली गुंडाळी वेगळी मागावी लागते आणि नळीच्या अनेक पटींनी महाग असते.

तिसरा दिवस, मंगळवार : इस्रायल संग्रहालय

मंगळवारी हे संग्रहालय सकाळी बंद असते आणि संध्याकाळी चारला उघडते, हे मी वाचले नव्हते. दारात उभे राहून नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही, आणि आम्ही भर पावसात महाने येहुदा बाजारात जाऊन चार तास खात बसलो. तीळकुटाचा भाऊ शोभेल असा हलवा मिळतो; चव घ्यायला पाव किलो पुरतो, एक किलो घेऊ नये.

चारनंतर मात्र गर्दी नव्हती. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांसाठी बांधलेल्या पांढऱ्या घुमटाखाली आम्ही दोघे आणि एक शाळकरी मुलगी एवढेच होतो. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकांनाही हाच पेच पडला होता. हबक्कूक संदेष्ट्यावरील भाष्याच्या गुंडाळीत सगळा मजकूर रोजच्या चौकोनी लिपीत आहे, पण नाव आले की लेखनिक जुन्या, तोपर्यंत वापरातून गेलेल्या लिपीत शिरतो. मराठी मजकुरात अचानक चार अक्षरे ब्राह्मीत यावीत तसे. याच गुंडाळ्यांतील 'समुदायाचा नियम' या ग्रंथात तर नावाच्या जागी नुसते चार ठिपके आहेत. त्या ठिपक्यांचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिले.

पुरातत्त्व विभागात त्याहून जुनी वस्तू आहे. 1979 मध्ये जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम भागातील एका थडग्यात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. धाकटी उलगडल्यावर 39 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर रुंद निघाली. त्यांवर सुईने कोरावे तशा अक्षरांत पुरोहितांचा आशीर्वाद आहे, आणि त्यात नाव आहे. काळ इसवी सनापूर्वी सातवे ते सहावे शतक. कोणीतरी ते गळ्यात घातले असावे, आपल्याकडे ताईत घालतात तसे.

निघताना कोचीनहून आणलेल्या कडवुंभागम सिनेगॉगचे, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाचे, लाकडी छत दिसले आणि कमळे कोरलेली पाहून नवरा म्हणाला, "हे सुतार आपल्याकडचे." दिवसभरात त्याने केलेले हे सर्वांत लांब भाष्य होते.

चौथा दिवस, बुधवार : पश्चिम भिंत, आणि उत्तरेकडे

पहाटे साडेपाचला पश्चिम भिंतीशी, म्हणजे यहुद्यांच्या प्राचीन मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या भिंतीशी, गेलो. थंडी इतकी की ओढणीखाली शाल आणि शालीखाली स्वेटर. बायकांचा भाग पुरुषांच्या भागाच्या निम्म्याहूनही लहान आहे. उजाडल्यावर पलीकडून एकदम शांतता झाली आणि मग पुरोहितवंशाचे लोक, डोक्यावरून शाली ओढून आणि हात पुढे पसरून, आशीर्वाद म्हणू लागले. शब्द पंधराच आहेत. आदल्या संध्याकाळी काचेमागे चांदीत पाहिलेलेच ते शब्द होते, फरक एवढाच की चांदीत कोरलेले नाव आता कोणी उच्चारत नव्हते. मंदिर उभे असताना उच्चारले जाई. वर्षातून एक दिवस, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य पुरोहित ते दहा वेळा म्हणत असे, आणि अंगणातील लोक ऐकताच जमिनीवर पालथे पडून म्हणत, 'त्याच्या राज्याच्या वैभवाचे नाव सदासर्वकाळ धन्य असो.' इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले. ते वाक्य मात्र राहिले, आणि आज 'शेमा'च्या पहिल्या ओळीनंतर लोक ते कुजबुजत म्हणतात.

दुपारी बस धरून त्सफातला निघालो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे एवढेच की बसचे कार्ड आधी भरून ठेवावे, आणि हिवाळ्यात गेल्यास लोकरीचे कपडे हाताशी ठेवावेत, कारण गाव सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे आणि बसमधून उतरताक्षणी वारा अंगात घुसतो.

पाचवा दिवस, गुरुवार : मेरोन

सकाळी मेरोनला रब्बी शिमोन बार योखाईच्या समाधीला गेलो. परंपरा मानते की दुसऱ्या शतकातील या गुरूनेच 'झोहार' हा गूढवादाचा मूळ ग्रंथ सांगितला. इतिहासकारांचे मत वेगळे आहे : ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये, मोशे दे लेओन यांच्या वर्तुळात, अरामी भाषेत लिहिला गेला. समाधीपाशी हात टेकून रडणाऱ्या बाईला या वादाशी काही घेणेदेणे नव्हते. 2021 च्या यात्रेत याच ठिकाणी चेंगराचेंगरीत 45 जण मेले, त्यामुळे अरुंद उतारांवरून चालताना पाय आपोआप जपून पडतात.

इथे थोडे थांबून ते चार अक्षरांचे शास्त्र सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. कब्बालाकार, म्हणजे यहुदी गूढवादी, देवाच्या मूळ रूपाला 'एन सोफ', म्हणजे अनंत, म्हणतात. त्याला नाव नाही. नाव सुरू होते ते त्याच्यातून उमटणाऱ्या दहा सफिरोतपासून, म्हणजे देवत्वाच्या दहा आविष्कारांपासून. 'योद' हा नुसता एक ठिपका. तो पहिल्या प्रज्ञेचा. पहिला 'हे' म्हणजे ती प्रज्ञा जिच्यात रुजते ते आकलन. 'वाव' या अक्षराची किंमत सहा, म्हणून मधल्या सहा सफिरोत त्याच्याकडे. आणि शेवटचा 'हे' म्हणजे शेखिना, जगात वस्तीला आलेली देवाची उपस्थिती, जिच्याविषयी हे लोक स्त्रीलिंगात बोलतात. म्हणजे नाव हा विश्वाचा नकाशा आहे, वरपासून खालपर्यंत. आणि या नकाशात एक फाटा पडला आहे : 'वाव' आणि शेवटचा 'हे' एकमेकांपासून दुरावले आहेत. शेखिना वनवासात आहे.

ही कल्पना झोहारमध्ये आहे, पण तिला धार आली ती 1492 नंतर, जेव्हा स्पेनमधून हाकललेले यहुदी पायपीट करीत या डोंगरांत पोहोचले. ज्यांचे घर गेले त्यांनाच देवाचेही घर गेले आहे हे सुचू शकते. तेव्हापासून अनेक जण कोणतेही धर्मकृत्य करण्याआधी एक वाक्य म्हणतात : पवित्र प्रभू आणि शेखिना यांच्या ऐक्यासाठी, योद-हे आणि वाव-हे जोडण्यासाठी, मी हे करतो. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझकेल लांडाऊ यांनी या प्रथेवर कडक टीका केली. कृत्य नीट करा, घोषणा कशाला, असा त्यांचा रोख होता. मला दोन्ही बाजू पटल्या. ऐक्य ही वस्तुस्थिती नसून काम आहे, ते रोज करावे लागते, हा विचार मी अन्यत्र इतक्या उघडपणे मांडलेला पाहिला नव्हता. तो विचार ज्या समाधीपाशी सुचला तिच्या मधोमध पुरुष आणि बायकांना वेगळे करणारी भिंत आहे, हेही लिहून ठेवते.

त्सफातला परतल्यावर एका येमेनी खानावळीत लाहूह खाल्ला. आंबवलेल्या पिठाची, एका बाजूनेच भाजलेली, वर जाळी पडलेली ही पोळी म्हणजे आंबोळीच. त्यावर गावचे खारट चीज, टोमॅटो आणि 'झूग' नावाची हिरव्या मिरचीची चटणी. आमच्या घरचा ठेचा तिखट असतो असा माझा समज होता. झूग वेगळ्या वाटीत मागावी.

सहावा दिवस, शुक्रवार : निळी थडगी, थंड पाणी, आणि संध्याकाळ

सकाळी उतारावरच्या कब्रस्तानात गेलो. महत्त्वाची थडगी निळ्या रंगाने रंगवलेली आहेत. गावातील दारे-खिडक्यांनाही तोच निळा. काही पावलांच्या अंतरात एवढी माणसे झोपली आहेत की इतिहासाचे पुस्तक उघडून ठेवल्यासारखे वाटते. योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरूख' ही धर्मशास्त्राची संहिता दिली, जी 1565 मध्ये व्हेनिसला छापली गेली आणि आजही चालते. श्लोमो अल्काबेत्स यांनी शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीदिनाच्या, स्वागताचे गीत रचले. त्यांचे मेहुणे मोशे कोर्दोवेरो 1570 मध्ये वारले, तेव्हा पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. त्यांच्या शिकवणीतला एक विचार मला फार दिवसांपासून माहीत आहे : हा दगड आहे, हा देव नव्हे, असे म्हणू नये, सारे अस्तित्व देवाने भरलेले आहे. त्यांच्या थडग्यावर लोकांनी ठेवलेल्या खड्यांत मीही एक खडा ठेवला, आणि त्या विचारानंतर तो ठेवताना जरा संकोचले.

आणि इसहाक लुरिया, ज्यांना सगळे 'आरी', म्हणजे सिंह, म्हणतात. ते 1570 मध्ये इजिप्तहून आले आणि 1572 मध्ये साथीत वारले, वय अडतीस. दोन वर्षांत त्यांनी स्वतः फार थोडे लिहिले. शिष्य हायिम विताल यांनी ऐकलेले टिपून ठेवले. विश्वासाठी जागा करायला अनंताने आधी स्वतःला आकसून घेतले, मग प्रकाश ज्या भांड्यांत ओतला ती फुटली, आणि ठिणग्या सगळीकडे विखुरल्या, ही त्यांची कथा. त्या ठिणग्या वेचणे माणसाकडे आले : खाताना, बोलताना, व्यवहार करताना.

कब्रस्तानाला लागून आरींचे कुंड आहे, डोंगरातल्या झऱ्याचे. बायकांना प्रवेश नाही. नवरा मोठ्या धीराने आत गेला आणि तीन बुड्या मारून निळ्या ओठांनी बाहेर आला. थडग्यांच्या रंगाशी ओठ जुळतात असे मी म्हटले, ते त्याला आवडले नाही. टॉवेल आपला न्यावा.

शुक्रवारी दुपारनंतर शनिवारी रात्रीपर्यंत गावात बस नाही, दुकान नाही, काही नाही. खाण्याची सोय आधीच करून ठेवावी. आमची सोय मावशींच्या सुनेच्या बहिणीकडे झाली होती. पावणेपाचच्या सुमारास घरोघर दिवे लागले आणि आम्ही अबुहाव सिनेगॉगच्या बायकांच्या सज्जात जाऊन बसलो, म्हणजे मी. नवरा खाली, उसनी टोपी घालून. 1837 च्या भूकंपात गाव कोसळले तेव्हा या सिनेगॉगची दक्षिणेची, पोथ्यांच्या कपाटाची, भिंत तेवढी उभी राहिली असे सांगतात.

अल्काबेत्स यांचे 'लेखा दोदी' सुरू झाले. पहिल्याच कडव्यात 'हाशेम एक आहे आणि त्याचे नाव एक आहे' ही ओळ येते. शेवटच्या कडव्याला सगळे मागे वळून दाराकडे तोंड करून उभे राहिले, वधू आत येत असावी तसे, आणि खालचा एक म्हातारा इतक्या जोरात टाळ्या वाजवीत होता की शेजारच्या मुलाने कान झाकले.

रात्री जेवताना मी यजमानांना विचारले : देव एक आहे हे म्हटल्यावर, त्याचे नाव एक आहे हे वेगळे कशाला सांगायचे? ते व्यवसायाने इलेक्ट्रिशियन आहेत. हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवून ते म्हणाले की हा प्रश्न तलमूदनेही, म्हणजे धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथानेही, विचारला आहे. ती ओळ जखर्या संदेष्ट्याची, आणि मुळात भविष्यकाळाची : त्या दिवशी हाशेम एक असेल आणि त्याचे नाव एक असेल. मग आज नाही का? आज, तलमूद सांगतो, लिहितात योद-हे आणि वाचतात आलेफ-दालेत, म्हणजे लिहायचे एक आणि म्हणायचे 'आडोनाय'. येणाऱ्या जगात जसे लिहिले तसेच वाचले जाईल. नाव एक होईल याचा अर्थ एवढाच.

म्हणजे विश्व अजून दुभंगलेले आहे याचा पुरावा प्रत्येक पानावर छापलेला आहे, आणि वाचणारा दर वेळी तो स्वतःच्या तोंडाने देतो. अलिबागच्या दारातला माझा प्रश्न इतक्या वर्षांनी माझ्यासमोर ताटात वाढला गेला होता.

मग त्यांनी प्रार्थनेचे पुस्तक आणले. सेफारदी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या, छपाईत काही ठिकाणी दोन्ही नावे एकमेकांत विणून छापतात : एक अक्षर लिहिलेल्या नावाचे, एक म्हणायच्या नावाचे, वेणीसारखे. "आता बेरीज करा," ते म्हणाले. शब्बाथला लिहायचे नसते, म्हणून आम्ही बोटांवर केली. लिहिलेल्या नावाचे सव्वीस, आडोनायचे पासष्ट, एकूण एक्क्याण्णव. "आता आमेनची." आलेफ एक, मेम चाळीस, नून पन्नास. एक्क्याण्णव. आशीर्वाद म्हणणारा दोन नावांतले एकच उच्चारतो. ऐकणारा 'आमेन' म्हणतो तेव्हा दोन्ही जोडली जातात. म्हणून, ते म्हणाले, म्हणणाऱ्यापेक्षा उत्तर देणारा मोठा. माझ्या डोळ्यांपुढे रामलाच्या त्या खोलीतल्या बायका आल्या.

बेरजांवर मी सहसा विश्वास ठेवीत नाही. शोधणाऱ्याला हवी ती बेरीज सापडते. पण ही विसरता येत नाही.

सातवा दिवस, शनिवार : त्सफात

फोन बंद, वही बंद, कॅमेरा बंद, त्यामुळे हा भाग आठवणीतून लिहीत आहे. त्या आठवड्याचा तोराहचा पाठ 'यित्रो' होता, म्हणजे दहा आज्ञा. त्या सुरू होताच सारे सिनेगॉग उठून उभे राहिले. तिसरी आज्ञा, 'नाव व्यर्थ घेऊ नको', वाचणाऱ्याने इतरांसारखीच सरळ वाचली. आणि त्या आज्ञेतच नाव दोनदा येत असल्याने, ते त्याने दोन्ही वेळा 'आडोनाय' असेच वाचले. दुपारी रात्रभर मंद आचेवर ठेवलेला हामीन जेवलो : गहू, राजमा, बटाटे, मांस, आणि सालासकट उकडून तपकिरी झालेली अंडी. नंतर झोपण्याखेरीज काही शक्य नसते.

आकाशात तीन तारे दिसले आणि दुकाने उघडली. गल्लीत लाल दोरे, ताईत आणि 'बहात्तर नावांचे' तक्ते विकायला होते. तक्त्यामागची युक्ती देखणी आहे : तोराहमधील 'निर्गम' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लागोपाठ तीन ओळी बहात्तर-बहात्तर अक्षरांच्या आहेत, पहिली सुलट, दुसरी उलट, तिसरी पुन्हा सुलट मांडली की तीन-तीन अक्षरांची बहात्तर नावे तयार होतात. पण कोणते नाव धनलाभाला आणि कोणते वजन उतरवायला हे विक्रेता सांगू लागला तेव्हा मी तिथून निघाले.

आठवा दिवस, रविवार : तिबेरियामार्गे परत

वाटेत तिबेरियाला तासभर थांबून मायमोनिदिस यांच्या समाधीला गेलो. 1204 मध्ये वारलेल्या या तर्कनिष्ठ पंडिताने ताईत लिहिणाऱ्यांची आणि जादूची नावे जुळवणाऱ्यांची आधीच कानउघाडणी करून ठेवली आहे. कालचा विक्रेता आठवून मला बरे वाटले. पण त्यांनीच आपल्या 'मिश्ने तोराह' ग्रंथाची सुरुवात ज्या चार शब्दांनी केली त्यांची आद्याक्षरे घेतली तर योद, हे, वाव, हे मिळतात. त्यांनाही नाव पानावर हवेच होते.

रामलाला पोहोचलो तेव्हा मावशींनी नारळाच्या दुधातले कोंबडीचे कालवण करून ठेवले होते. मांसाबरोबर दूध चालत नाही, त्यामुळे कोकणातला नारळ त्यांच्या धर्माला फार सोयीचा पडला आहे. विमान रात्रीचे होते. निघताना त्या मलिद्याचे पोहे डब्यात भरून वर कागद गुंडाळायला बसल्या. जुन्या मराठी मासिकाचे एक पान त्यांनी फाडले, चष्मा लावून दोन्ही बाजू वाचली, आणि बाजूला ठेवले. दुसरे घेतले, तेही वाचले आणि त्यात डबा गुंडाळला.

मी पहिले पान उचलून पाहिले. एक प्रार्थना होती, मराठीत, आणि तिच्यात तीन ठिकाणी 'परमेश्वर' असा शब्द होता. मी म्हटले, "मावशी, हे तर देवनागरी. ती चार अक्षरं यात कुठं आहेत?"

"नसूं देत गो," त्या म्हणाल्या, आणि ते पान घडी घालून कपाटातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांवर ठेवून आल्या.